कॉलेजचा हिरो क्वार्टरबॅक व्यावसायिक फुटबॉलमध्ये का अडखळतो? टिम टीबो आणि इतर

गेनेसव्हिलकर

२००७ च्या ऑगस्टमध्ये एम.एस.साठी फ्लोरिडातल्या गेनेसव्हिलला आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच शनिवारी रूममेट ओढून स्टेडियमवर घेऊन गेला. तिथे सगळे त्या मैदानाला 'स्वॅम्प' म्हणतात, दलदल. नव्वद हजारांच्या घरात माणसं, सप्टेंबरचं चटका देणारं ऊन, आणि मैदानात १५ नंबरचा एक मुलगा. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि चेंडू फेकणारा. सुरुवातीपासून खेळणारा क्वार्टरबॅक म्हणून त्याचा तो पहिलाच मोसम. नाव टिम टीबो.

टचडाऊन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं. त्या मोसमात त्याने असे ३२ फेकून केले आणि २३ स्वतः धावून. फेकून वीस आणि धावून वीस हा टप्पा एकाच मोसमात गाठणारा कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटातला तो पहिला. डिसेंबरमध्ये हाइसमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात ती मिळवणाराही तो पहिलाच.

पण मला आठवतो तो २००८ च्या सप्टेंबरमधला शनिवार. मिसिसिपीविरुद्ध आम्ही ३०-३१ हरलो. शेवटच्या मिनिटात चौथा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींतली शेवटची), एक यार्ड हवा होता, टीबो स्वतः घुसला आणि अडवला गेला. सामना संपल्यावर तो पत्रकारांसमोर आला, डोळे भरलेले, आणि म्हणाला की उरलेल्या मोसमात माझ्याइतकी मेहनत करणारा खेळाडू देशात सापडणार नाही. त्यानंतर त्या मोसमात आमचा संघ एकही सामना हरला नाही. जानेवारी २००९ मध्ये ओक्लाहोमाला २४-१४ हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ते शब्द आज स्टेडियमबाहेर पाटीवर कोरलेले आहेत. आईवडील इकडे आले की मी त्यांना ती पाटी दाखवायला नेतो.

असा मुलगा एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, का टिकला नाही, हा प्रश्न गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्यात) पहिल्या फेरीत २५ वा निवडला गेला, दोन मोसम डेन्व्हर, एक न्यूयॉर्क जेट्स, मग दोन-तीन संघांच्या सराव शिबिरांतून नारळ. आळशी नव्हता, व्यसनी नव्हता, घाबरट तर अजिबात नव्हता.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कॉलेजात ज्या गुणावर मुलगा जिंकत राहतो, तोच गुण त्याची उणीव झाकून ठेवतो. टीबोपुढे चार वर्षं अशी वेळच आली नाही की त्याला फेक सुधारावी लागेल. फेक जमली नाही तर तो धावत सुटायचा, आणि कॉलेजातले बचावपटू त्याला पाडू शकत नसत.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांना खेळ माझ्याहून जास्त कळतो त्यांनी जरूर लिहा. नवख्यांना समजेल असं लिहिलंत तर उत्तम.

रॉकीजची_वाट

मी डेन्व्हरमध्ये २००४ पासून आहे. 'टिकला नाही' हे मला मान्य नाही. त्याला टिकू दिलं नाही.

२०११ चा मोसम आठवा. संघ एक जिंकलेला, चार हरलेला. मग टीबोला सुरुवातीपासून खेळवायला लागले. पहिलाच सामना मायामीत. गंमत म्हणजे त्याच दिवशी त्या स्टेडियममध्ये त्याच्या जुन्या कॉलेज संघाचा सत्कार होता. तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला आणि आम्ही ०-१५ मागे. आमच्या घरी टीव्ही बंद करायची चर्चा सुरू झाली होती. त्याने दोन टचडाऊन काढले, टचडाऊननंतरच्या जादा प्रयत्नाचे दोन गुण स्वतः धावून मिळवले आणि जादा वेळेत आम्ही १८-१५ जिंकलो. त्या मोसमात त्याने ११ सामने सुरू केले आणि ७ जिंकले.

आणि ८ जानेवारी २०१२! पिट्सबर्गविरुद्ध प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी), जादा वेळ, पहिलाच डाव, डिमेरियस थॉमसला मधोमध पास आणि ८० यार्डांचा टचडाऊन. २९-२३. थंडीत शेजारीपाजारी सगळे रस्त्यावर आले होते. आमच्या गल्लीतले जे आजोबा कधी कुणाशी बोलत नसत ते माझ्या गळ्यात पडून रडले. असं करणाऱ्याला अयशस्वी म्हणायचं?

दोन महिन्यांत पेटन मॅनिंग हा नावाजलेला क्वार्टरबॅक आला आणि टीबोला जेट्सकडे पाठवलं. ज्या प्रशिक्षकाने त्याला निवडलं त्याला तर २०१० च्या डिसेंबरमध्येच काढलं होतं. नव्या लोकांना तो वारशात मिळालेला, त्यांच्या पसंतीचा नव्हताच.

चौथा_डाऊन

धागा आवडला. रॉकीज, त्या रात्री मीही ओरडलो होतो. पण त्याच मोसमातला कॅन्सस सिटीचा सामना बघा. अख्ख्या सामन्यात टीबोने ८ पास फेकले आणि त्यातले २ झेलले गेले. तरी डेन्व्हर १७-१० जिंकलं. हा विजय बचावफळीचा आणि धावणाऱ्यांचा. मोसमभरात त्याचे ४६.५ टक्केच पास पूर्ण झाले. व्यावसायिक क्वार्टरबॅकचे साधारण साठ टक्क्यांच्या वर होतात. शेवटचे तीनही साखळी सामने आपण हरलो, कारण तोवर प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या पळवाटा ओळखल्या होत्या. न्यू इंग्लंडने तर प्लेऑफमध्ये ४५-१० धुतलं.

पिट्सबर्गच्या त्या ८० यार्डांबद्दलही सांगतो. त्यांचे मागचे बचावपटू धाव रोखायला पुढे सरकून उभे होते, म्हणजे मधली अख्खी जागा मोकळी. त्यांचा रायन क्लार्क तर खेळतच नव्हता. त्याला सिकल सेलचा त्रास, डेन्व्हरच्या उंचीवर जिवाला धोका. पास सुंदरच होता, पण तशी मोकळी जागा एनएफएलमध्ये दर रविवारी मिळत नाही.

आता मूळ प्रश्न. दोन्हीकडचा खेळ दिसतो एक, पण मैदानच वेगळं असतं. मैदानावर मधे तुटक खुणांच्या दोन रांगा असतात, त्यांना हॅश म्हणतात. चेंडू कडेला पडला तर पुढचा डाव जवळच्या रांगेवरून सुरू होतो. कॉलेजात या दोन रांगांत ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. म्हणजे कॉलेजात चेंडू एका अंगाला गेला की दुसऱ्या अंगाला भलंमोठं रान मोकळं. बचाव करणारी विशीतली मुलं तेवढं रान राखू शकत नाहीत. प्रशिक्षक वेगवान पोरं त्या बाजूला पेरतात आणि क्वार्टरबॅकने अर्धंच मैदान बघितलं तरी भागतं. एनएफएलमध्ये चेंडू जवळपास मधेच असतो. दोन्ही बाजू बघाव्या लागतात, आणि समोरचे अकराही जण आपापल्या कॉलेजचे हिरोच असतात.

कॉलेजात 'मोकळा दिसला की फेक' चालतं. इथे तो मोकळा होण्याच्या आधी चेंडू हातातून सुटलेला असावा लागतो. रिसिव्हर, म्हणजे पास झेलणारा, वळतो तेव्हा चेंडू त्याच्या छातीशी पोचत असतो. जो डोळ्यांनी खात्री करून घेतो त्याला उशीर होतो.

गेनेसव्हिलकर

हे उशीर होणं मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे एप्रिलमध्ये संघ आपसात सामना खेळतो. २००९ च्या त्या सामन्याला मी अगदी खालच्या रांगेत जागा पकडली होती. टीबो डावखुरा. सराव करताना तो चेंडू आधी खाली न्यायचा, पार कमरेपर्यंत, मग मागून मोठा वळसा घेऊन खांद्यावर, मग फेक. विहिरीवर रहाटाने पाणी ओढावं तसा हात फिरायचा. शेजारी दुसरा क्वार्टरबॅक उभा होता, त्याचा चेंडू कानापासून निघायचा आणि थेट जायचा. दोघांच्या हातांत फरक पापणी लवण्याइतकाच. तेव्हा मला वाटलं, एवढ्याने काय होतंय? आता चौथा_डाऊन यांचं वाचून कळतंय की तेवढ्यातच सगळं होतं.

ड्राफ्टच्या आधी त्याने ती फेक बदलायला जिवाचं रान केलं. पण अंगात रुजलेली सवय. सरावात हात सरळ यायचा, आणि समोरून सव्वाशे किलोचा माणूस चालून आला की परत रहाट.

शुभा_टेक्सास

पहिल्यांदाच या विभागात लिहितेय. आम्ही ऑस्टिनजवळ राहतो. मुलगा हायस्कूलमध्ये अकरावीत, शाळेच्या संघात दुसरा क्वार्टरबॅक. टेक्सासमध्ये शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे काय असतं हे इथल्यांना माहीत आहे. आमच्या नातेवाइकांना मात्र 'पोरगं डोकं फोडून घ्यायचा खेळ खेळतंय' एवढंच समजतं.

त्यांच्या शाळेत डाव कसे सांगतात ते बघून मला आश्चर्य वाटलं होतं. मैदानाच्या कडेला दोन मुलं मोठाले फलक धरून उभी असतात. एकावर बदक, एकावर पिझ्झा, एकावर कुणाचा तरी चेहरा. सगळा संघ तिकडे बघतो, आणि चित्रावरून कळतं कोणता डाव खेळायचा. माझा मुलगा म्हणतो कॉलेजातही हेच. मग एनएफएलमध्ये वेगळं काय?

आणि खरं विचारायचं ते हे: माझा मुलगा म्हणतो की पहिल्या क्वार्टरबॅकला मोठ्या कॉलेजांची पत्रं येतायत, मला येत नाहीत, म्हणजे माझं संपलं. सतरा वर्षांच्या मुलाला यावर काय सांगावं?

चौथा_डाऊन

शुभाताई, स्वागत. आधी सोप्या प्रश्नाचं उत्तर.

एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो. प्रशिक्षक त्यातून डाव सांगतो, आणि घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज बंद. कॉलेजांत ही सोय २०२४ पासून आली, तोवर फलक आणि हातवारेच. डावाचं नाव ऐकल्यावर ते जसंच्या तसं बाकी दहा जणांना सांगायचं काम क्वार्टरबॅकचं. एक प्रसिद्ध आणि त्यातल्या त्यात छोटं नाव सांगतो: 'स्पायडर टू वाय बनाना'. 'स्पायडर टू' म्हणजे पुढच्या फळीने अडवायचं कसं. 'वाय' म्हणजे टाइट एंड, फळीच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा. 'बनाना' म्हणजे त्याने केळ्यासारखं वळण घेत धावायचं. खरी नावं याच्या तिप्पट लांब असतात. ती घोकायची, गोंगाटात एका दमात म्हणायची, मग रेषेवर येऊन समोरची मांडणी बघायची, आणि डाव चुकीचा वाटला तर तिथल्या तिथे बदलायचा. ज्याने तीन वर्षं बदकाचं चित्र बघून चेंडू फेकला, त्याला हे एका उन्हाळ्यात कसं येणार?

म्हणून मी म्हणतो, पोराला थांबायला मिळालं पाहिजे. ॲरन रॉजर्स २००५ मध्ये २४ वा निवडला गेला आणि तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मागे बसला. पॅट्रिक माहोम्स २०१७ मध्ये दहावा. त्याच्या कॉलेज संघाने शेवटच्या मोसमात जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले होते. कॅन्सस सिटीने त्याला वर्षभर ॲलेक्स स्मिथच्या मागे ठेवलं, मोसमाचा फक्त शेवटचा सामना खेळवला. पुढच्या वर्षी ५० टचडाऊन पास आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान.

कांगा_लीगवाला

फुटबॉल मला जेमतेम कळतो, लेकीमुळे न्यू जर्सीत बसून बघतो. पण वाचताना सारखा अमोल मुजुमदार डोळ्यासमोर येतोय. मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात हरियाणाविरुद्ध २६० केलेला मुलगा. आमच्या क्लबात तेव्हा सगळे म्हणायचे, आता हा भारताकडून कधी खेळतो एवढंच बघायचं. एकही कसोटी मिळाली नाही. म्हणजे खालच्या पातळीवरचा हिरा वर चमकेलच असं नाही, हे आपल्याकडेही आहेच की.

गेनेसव्हिलकर

काका, मुजुमदारांचं दुःख मलाही आहे, पण उदाहरण उलटं आहे. त्यांना वर खेळायलाच मिळालं नाही, मधली फळी भरलेली होती. ते कमी पडले असं कुणालाच म्हणता येणार नाही. टीबोला मिळालं आणि तिथे उणीव उघडी पडली. या दोन वेगळ्या व्यथा आहेत, एका माळेत ओवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

कांगा_लीगवाला

पटलं. खरं आहे तुमचं.

रॉकीजची_वाट

चौथा_डाऊन यांचं वाचलं. कॅन्सस सिटीचा सामना मी विसरलो होतो, की विसरायचा होता, माहीत नाही. २ पास. मान्य करतो, की मॅनिंग मिळत असताना त्याला घेणं बरोबरच होतं. तरीही एक टोचतंच. सगळा दोष पोराच्या हातावर ढकलतो आपण. संघाचा दोष कुणी मोजतो का?

चौथा_डाऊन

रॉकीज, हा मुद्दा शंभर टक्के खरा, आणि यावरच मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं.

ड्राफ्टचा नियम असा की जो संघ सगळ्यात जास्त हरला तो पहिला निवडतो. म्हणजे सर्वांत गाजलेला मुलगा सर्वांत मोडक्या घरात जातो. कॉलेजात त्याच्यापुढे अडवणाऱ्यांची लोखंडी भिंत असते. टीबोच्या पुढे पाउन्सी जुळे भाऊ होते, दोघेही पुढे एनएफएल गाजवणारे. आणि इथे?

डेव्हिड कार. २००२ मध्ये पहिला निवडला गेला. ह्यूस्टनचा संघ त्याच वर्षी नव्याने उभा राहिलेला. पहिल्या मोसमात तो ७६ वेळा पाडला गेला, म्हणजे चेंडू हातात असतानाच जमिनीवर. आजही तो विक्रम आहे. सामन्यामागे जवळपास पाच वेळा. एवढं आपटल्यावर माणूस रिसिव्हरकडे बघत नाही, आपल्याकडे कोण धावून येतोय ते बघतो. त्याचे पाय कधीच स्थिर राहिले नाहीत. तो मुलगा दुसऱ्या संघात गेला असता तर काय झालं असतं, हे कुणालाच कळणार नाही.

आता जो बरो. २०१९ मध्ये लुइझियाना स्टेटकडून ६० टचडाऊन पास, पंधरापैकी पंधरा सामने जिंकले, हाइसमन. पहिला निवडला गेला, सिनसिनाटीला. भिंत तिथेही कच्ची. पहिल्याच मोसमात गुडघा गेला. दुसऱ्या मोसमात टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात ९ वेळा पाडला गेला आणि तरी १९-१६ जिंकला! पुढे सुपर बोलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत, गेला, तिथे थोडक्यात हरला. तो कारपेक्षा जास्त शूर होता असं नाही. चेंडू पटकन सोडायचं अंगवळण त्याला कॉलेजातच लागलं होतं, आणि जामार चेससारखा कॉलेजचा जोडीदार त्याला तिथे पुन्हा मिळाला. म्हणजे गेनेसव्हिलकर म्हणतात ती उणीव बरोच्या खेळात नव्हती, आणि नशिबाने एक हात दिला.

आणि जिम प्लंकेट. याच्याबद्दल हल्ली कुणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं. १९७० ची हाइसमन, १९७१ ला पहिला निवडला गेला, न्यू इंग्लंडकडे. तिथे मार खाल्ला, सॅन फ्रान्सिस्कोकडे गेला, त्यांनीही १९७८ मध्ये सोडून दिलं. तिशी ओलांडलेली, सगळ्यांनी हात झटकलेले. ओकलंड रेडर्सनी राखीव म्हणून ठेवला. १९८० मध्ये पहिल्या क्वार्टरबॅकचा पाय मोडला तेव्हा हा उतरला आणि सुपर बोल जिंकून त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तीन वर्षांनी पुन्हा जिंकला. हाइसमन मिळवून सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून सुपर बोल जिंकणारे आजवर दोघंच: रॉजर स्टॉबॅक आणि हा प्लंकेट. १९३५ पासून दिल्या जाणाऱ्या ट्रॉफीच्या इतिहासात फक्त दोघं! एकाने आधी नौदलात नोकरी केली, दुसऱ्याने आधी मार आणि उपेक्षा सोसली.

शुभा_टेक्सास

प्लंकेटचं वाचून अंगावर काटा आला. रात्री जेवताना मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण जेवण झाल्यावर फोन घेऊन त्याचे जुने सामने शोधत बसला होता. पत्रांच्या प्रश्नाचं मात्र कुणी उत्तर दिलं नाहीत.

गेनेसव्हिलकर

शुभाताई, तो प्रश्न मीच मुद्दाम मागे ठेवला होता, घाईने लिहायचा नव्हता.

पत्रं कुणाला येतात ते आत्ताच्या खेळावर ठरतं. टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ वा निवडला गेला. ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये २६२ वा, म्हणजे अख्ख्या ड्राफ्टमधला शेवटचा, आणि दुसऱ्याच मोसमात सुपर बोल खेळला. कर्ट वॉर्नरला तर कुणी निवडलंच नव्हतं. तो किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचा. पण हे सांगून मुलाला 'तूही होशील' असं म्हणू नका. अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि मुलांना खोटा धीर लगेच ओळखू येतो.

मी त्याच्या जागी असतो तर मला कुणीतरी हे सांगायला हवं होतं: पहिल्या क्वार्टरबॅकला दर शुक्रवारी जिंकायचं असतं, त्यामुळे त्याला आपली फेक मोडून नव्याने बांधायला सवडच नाही. तुला आहे. टीबोला ती सवड कधीच मिळाली नाही, कारण तो पहिल्या दिवसापासून जिंकत होता. तुमचा मुलगा चेंडू कुठून सोडतो, कमरेपासून की कानापासून? त्याचा कडेने एक व्हिडिओ काढा आणि त्यालाच बघू द्या.

शुभा_टेक्सास

काढला. आज संध्याकाळी मागच्या अंगणात, धाकटी झेलायला उभी होती. संथ गतीत चालवून बघितला. चेंडू खाली जातोय, पार कमरेपर्यंत नाही, पण छातीच्या खाली जातोय. त्याला स्वतःला माहीतच नव्हतं. 'आई, परत लाव' म्हणून आठ-दहा वेळा बघितलं आणि अंधार पडेस्तोवर फेकत होता. धाकटी कंटाळून आत आली तर कुंपणाला जुनी गादी टेकवून तिच्यावर.

चौथा_डाऊन

ताई, त्याला म्हणावं आधी जवळून फेक, दहा यार्डांवरून, आणि डावा पाय टेकायच्या आत चेंडू कानाशी आला पाहिजे. उजव्या हाताने फेकतो असं धरून सांगतोय. लांबच्या फेकी महिनाभर बंद. पुढच्या महिन्यात दुसरा व्हिडिओ काढून दोन्ही शेजारी लावून बघू दे त्याला.

शुभा_टेक्सास

उजव्याच हाताने फेकतो. सांगते. गादी आता तिथेच राहू देणार आहे.